ओंजळीतले पाणी आणि आपले सुख

काल पाडवा झाला. संध्याकाळी उन्हे कलल्यावर आपण गुढी उतरवली, तांब्या चिंचेने घासून पुन्हा फळीवर ठेवला, जरीच्या वस्त्राची घडी घालून ते कपाटात गेले. साखरेची गाठी तेवढी अजून देवघराशेजारच्या खिळ्याला लटकते आहे आणि घरातले लहानगे येता-जाता तिचे एकेक पदक मोडून तोंडात टाकते आहे. आपल्या जिभेवर मात्र कडुनिंबाची आठवण रेंगाळते आहे. कोवळा पाला, मोहोर, गूळ, ओवा, हिंग, मीठ आणि चिंच एकत्र वाटून केलेली ती हिरवट गोळी वर्षाच्या पहिल्या सकाळी हातावर ठेवली जाते, मोठी माणसे समोर उभी राहतात, आणि ती गिळल्याशिवाय श्रीखंडाच्या वाटीकडे हात जात नाही. या चालीमागची आरोग्याची कारणे आपण पुष्कळ सांगतो, आणि ती खोटी नाहीत. तरीही नव्या वर्षात पाऊल टाकताना पहिला घास कडू घ्यावा, असे ज्या कुणाला प्रथम सुचले, त्याच्या मनात सुखाविषयी काही एक विचार असलाच पाहिजे, असे दर पाडव्याला वाटत राहते.

आणि आज २० मार्च. सूर्य विषुववृत्तावर येण्याचे हे दिवस. दिवस आणि रात्र तागडीत घालून तोलल्यासारखे सारखे होतात. हीच तारीख संयुक्त राष्ट्रांनी आनंद दिन म्हणून निवडली आहे. भूतानने पुढाकार घेतला, आमसभेने २८ जून २०१२ रोजी ठराव केला आणि २०१३ पासून जगभर हा दिवस पाळला जाऊ लागला. सकाळपासून आपल्या मोबाइलवर हसऱ्या चेहऱ्यांचे निरोप येत आहेत. आनंदी राहा, स्वतःवर प्रेम करा, स्वतःचे सुख आधी पाहा, असे ते सांगतात. या सदिच्छांत वाईट काहीच नाही. पण आपल्या, मराठी माणसांच्या, स्मरणात या तारखेला आणखी एक नोंद आहे आणि ती शतकाच्या उंबरठ्यावर उभी आहे. १९२७ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्याले. पुढच्या वर्षी त्या ओंजळीला शंभर वर्षे होतील. आनंद दिन आणि चवदार तळे एकाच तारखेवर यावेत हा योगायोगच. परंतु दोन आठवणी शेजारी बसल्या की त्या एकमेकींशी बोलू लागतात.

आपण सुखी तर जग सुखी, असे आपण सहज म्हणून जातो. बोलण्याच्या ओघात आलेल्या या म्हणीत एक फार मोठा दावा दडलेला आहे. चांगले काय आणि वाईट काय, हे ठरवण्याचे माप आपल्या सुखातच आहे, असा तो दावा. माणूस शेवटी सुखासाठीच धडपडतो. मग नीतीची इमारत याच पायावर का उभारू नये? हा प्रश्न उथळ नाही. चार्वाकाने तो आपल्या भूमीत विचारला, एपिक्यूरसने ग्रीसमध्ये विचारला, आणि दोघांनाही खाण्यापिण्याचे शौकीन ठरवून त्यांच्याशी वाद घालण्याचे टाळणे ही आपली सोय होती. परलोकाच्या भीतीने वागणाऱ्यापेक्षा इहलोकीच्या सुखाचा हिशेब मांडणारा माणूस अधिक प्रामाणिक असू शकतो. शिवाय पुष्कळ वेळा हा हिशेब बरोबरही येतो. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार लहान मुलाला सुट्टे पैसे चोख परत देतो, कारण त्या मुलाची आई उद्या पुन्हा त्याच दुकानात येणार असते. खोटे बोलणाऱ्याची झोप उडते, भांडखोराच्या घरी कोणी जात नाही, उदार माणसाचे म्हातारपण गजबजलेले असते. चांगले वागावे आणि सुखही मिळावे, असा संसार पुष्कळदा चालतो.

प्रश्न उभा राहतो तो तागडी दुसऱ्या बाजूला कलल्यावर. ते मूल परगावचे असेल, पुन्हा कधी येणार नसेल, तर सुट्टे पैसे चोख का द्यायचे? जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ सालच्या आपल्या ग्रंथात नेमका असाच दुकानदार उभा केला आहे. चोख व्यवहार फायद्यासाठी केला की तो योग्य म्हणून केला, हे बाहेरून कळत नाही. फायदा संपतो तेव्हाच ते उघडे पडते. पाया कशाचा आहे हे घर उभे असताना दिसत नाही, पूर आल्यावर दिसते.

महाडला १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली होती. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेल्या ठरावाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते, आणि महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागदावर सारे झाले होते. पाण्याला मात्र अस्पृश्य मानलेल्यांपैकी कुणाचा हात लागला नव्हता. गावोगावहून पायी आलेल्या हजारो माणसांच्या परिषदेसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, आणि तेही अशा गावात, जिथे गावाच्या मधोमध भरलेले तळे होते. त्या काळचे ४० रुपये म्हणजे किती, हे आपल्या आजी-आजोबांना विचारावे. दुसऱ्या दिवशी ही माणसे रांगेने, शिस्तीने तळ्याकडे चालत गेली. बाबासाहेबांनी पाणी घेतले, मग एकेकाने घेतले.

त्या ओंजळीने कोणते सुख मिळाले असेल? तहान भागली असेल, हे खरे. मार्चच्या उन्हात कोकणातली तहान काही खोटी नसते. पण निव्वळ तहानेचा प्रश्न असता, तर विकतचे पाणी होतेच. त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली तेव्हा बाबासाहेबांनी स्वतःच सांगितले की, या तळ्याचे पाणी न मिळाल्यामुळे आपण आजवर मेलेलो नाही, आणि ते पिऊन आपण अमरही होणार नाही. इतरांसारखीच आपणही माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी आपण तळ्याकडे जात आहोत. सुखाच्या हिशेबाने पाहिले तर त्या दिवशीची जमाखर्चाची वही भयंकर तोट्याची होती. परत येऊन माणसे मांडवात जेवायला बसली, तोच वीरेश्वराच्या मंदिरात शिरण्याचा त्यांचा बेत आहे अशी अफवा उठली आणि लाठ्या घेऊन जमाव त्यांच्यावर चालून आला. शिजवलेले अन्न मातीत मिसळले, डोकी फुटली. त्या मांडवात लष्करात नोकरी केलेले शिपाईगडी होते. उलटा हात उगारणे त्यांना मुळीच अवघड नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि ते आवरले गेले. पुढे गावोगावी बहिष्कार पडले. खटला चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, दहा वर्षांना तीन दिवस कमी असताना. आपल्या सुखासाठी वागणाऱ्या शहाण्या माणसाने त्या दिवशी घरीच बसायला हवे होते. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या सवर्ण सहकाऱ्यांनी तर नक्कीच घरी बसायला हवे होते. त्यांच्या घरात पाण्याचा तुटवडा नव्हता, आणि मिळवण्यासारखे होते ते फक्त जातभाईंचे शिव्याशाप.

पण या घटनेतली खरी अवघड जागा पुढे आहे. तळे बाटले म्हणून ते शुद्ध करण्याचे ठरले. दही, दूध, शेण, गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रघोषात तळ्यात रिकाम्या केल्या गेल्या. आणि मग ज्यांनी त्या ओतल्या त्यांना समाधान वाटले. ते समाधान खोटे नव्हते. त्या रात्री त्यांच्यातल्या कित्येकांना शांत झोप लागली असेल. आपण धर्म राखला असा निर्मळ आनंद त्यांच्या चेहऱ्यावर असेल. सुख हेच नीतीचे माप मानले तर या आनंदाचे आपण काय करणार? तो मापात धरावाच लागेल, आणि त्याच मापाने मांडवात मातीत मिसळलेला भातही मोजावा लागेल. सुख स्वतः आंधळे आहे. ते कशातूनही उगवते, दयेतून उगवते तसे द्वेषातूनही उगवते, आणि उगवल्यावर त्याचा रंग सारखाच असतो. म्हणून ते खरे असूनही साक्षीला उभे राहू शकत नाही.

याच चैत्रात आपल्याकडे पाणपोया बसतात. पाडव्यापासून पुढे उन्हाळाभर वाटसरूला पाणी पाजणे हे आपल्या परंपरेत मोठे पुण्य मानले गेले. एसटी स्टँडाबाहेर, कडुनिंबाखाली, गवताच्या किंवा पत्र्याच्या आडोशाला ओल्या वाळूत रोवलेले दोन रांजण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. रांजणाला गुंडाळलेले गोणपाट सतत ओले ठेवलेले असते, पाण्यात वाळ्याची जुडी सोडलेली असते, झाकणावर लांब दांड्याचे ओगराळे आडवे ठेवलेले असते. कुणीतरी म्हातारी बाई तिथे बसलेली असते. ती नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. ओंजळ पुढे आली की धार धरते, आणि माणूस पिऊन निघून गेल्यावर वाकून रांजण किती उतरला ते पाहते. या दृश्याइतके सुंदर आपल्या समाजात फार थोडे आहे.

आणि तरीही याच समाजाने महाड घडवले. पाणी पाजण्याला पुण्य म्हणणाऱ्यांनीच पाणी नाकारण्यालाही धर्म म्हटले, हे कसे जमले? जमले, कारण पुण्याचा हिशेबही पुष्कळदा आपल्याच सुखाचा हिशेब होता, फक्त उधारीवरचा. आपल्याला स्वर्ग मिळावा, आपल्या पितरांना गती मिळावी, आपल्या हातून चांगले झाल्याचे समाधान मिळावे, यासाठी पाणी पाजायचे. त्या व्यवहारात समोरचा तहानलेला माणूस हा निमित्तमात्र होता. निमित्त म्हटले की ते बदलता येते, निवडता येते, दूर उभे करता येते. ज्याला पाजल्याने पुण्य लागत नाही किंवा विटाळच होतो, त्याच्या तहानेला हिशेबात जागाच उरत नाही. आपल्या सुखावर उभारलेल्या नीतीचा हाच मोठा दोष आहे. तिच्यात दुसरा माणूस कधी स्वतःच्या हक्काने येत नाही. आपल्या समाधानाचे साधन म्हणूनच तो येतो. जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा ही रीतच त्यांनी उलटी केली. हौद आपला, पण पाण्यावरचा हक्क तहानेचा.

आजच्या काळात पुण्य हा शब्द थोडा मागे पडला आणि त्याच्या जागी बरे वाटणे आले. अन्नदान केले, बरे वाटले. वृद्धाश्रमात वाढदिवस साजरा केला, बरे वाटले, फोटो पाठवले. यात अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर हसू पाहून मन भरून येणे हा माणसाचा मोठेपणाच आहे. पण ज्या महिन्यात बरे वाटणार नाही त्या महिन्याचे काय? अंथरुणाला खिळलेल्या सासूला रात्री तीन वाजता उठून कुशीवर वळवणारी, चादर बदलणारी, पाठीला पावडर लावणारी सून त्या क्षणी सुखी नसते. तिचे डोळे जळत असतात, मनात राग असतो, कधी कधी न बोलण्याजोगे विचारही येऊन जातात. ती उठते, कारण पलीकडच्या देहाला वेदना होत आहेत. तिला विचारले तर ती कर्तव्य हा शब्दसुद्धा वापरणार नाही. पण नीतीचा पाया कुठे आहे हे आपल्याला पाहायचे असेल, तर रात्रीच्या तीन वाजताच्या त्या अंधारात पाहायला हवे.

सुख आणि नीती यांचा हा वाद आपल्या भाषेला नवा नाही. १८८२ साली मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोन तरुण मित्र १०१ दिवस एकत्र होते. एक गोपाळ गणेश आगरकर, दुसरे बाळ गंगाधर टिळक. दोघांनीही पदव्या मिळवून सरकारी नोकरीकडे पाठ फिरवली होती आणि शाळामास्तरकीचे तुटपुंजे वेतन पत्करले होते. आगरकरांनी आईला लिहिलेले पत्र आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत: मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ मी लोकांसाठी घालवणार आहे. पुढे दोघांच्या वाटा फुटल्या. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले; १९१५ साली छापल्या गेलेल्या त्या ग्रंथात आधिभौतिक सुखवादावर एक अख्खे प्रकरण आहे आणि त्यालाच लागून सुखदुःखविवेकाचे. निव्वळ स्वार्थी सुखापासून दूरदर्शी स्वार्थापर्यंत आणि तिथून पुष्कळांच्या पुष्कळ सुखापर्यंत एकेक पायरी चढत टिळक जातात, आणि प्रत्येक पायरीवर थांबून ती ठोकून पाहतात. अमेरिकेतल्या एका शहरातल्या ट्रामचा दाखला ते देतात. ट्रामने लोकांची मोठी सोय झाली, पण तिचा परवाना लवकर मिळावा म्हणून मालकाने अधिकाऱ्यांना लाच दिली होती. सुख पुष्कळांना झाले, म्हणून लाच नीतीची ठरली काय? कर्त्याची बुद्धी पाहिल्याशिवाय कर्माचे मोल ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे.

आगरकर मात्र सुखाच्या बाजूने उभे राहिले. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांना वाचून घडलेल्या या माणसाला परलोकाचा आधार नको होता. माणसाचे दुःख कमी व्हावे आणि सुख वाढावे, हेच त्यांच्या नीतीचे माप. मग सुखवाद्याचे आयुष्य सुखाचे गेले का? दमा, ओढग्रस्त, १८८८ मध्ये सुरू केलेल्या 'सुधारक'वर होणारे हल्ले, आणि जिवंतपणी पुण्याच्या रस्त्यावरून विरोधकांनी काढलेली आपलीच प्रेतयात्रा. वयाच्या ३८व्या वर्षी, १८९५ साली ते गेले. सुखावर एवढी श्रद्धा असलेल्या माणसाने स्वतःच्या सुखाची इतकी थोडी काळजी करावी, हे कोडे वाटते. पण त्यांनी सुख म्हटले ते कुणाचे, हे पाहिले की कोडे सुटते. केशवपन केलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या विधवेचे सुख, न कळत्या वयात बोहल्यावर चढवलेल्या मुलीचे सुख त्यांच्या डोळ्यांसमोर होते. स्वतःच्या सुखाला त्यांनी पायात जागाच दिली नव्हती. आणि टिळकांनी तरी काय वेगळे केले? त्यांच्या वाट्याला मंडालेची सहा वर्षे आली. वादात समोरासमोर उभे असलेले हे दोघे मित्र जगण्यात एकाच बाजूला होते.

आगरकरांचा गुरू मिल स्वतः सुखाच्या प्रश्नापायी एका खाईतून गेला होता. १८२६ साली, ऐन विशीत, त्याने स्वतःला विचारले की, ज्या सुधारणांसाठी आपण झटतो आहोत त्या साऱ्या या क्षणी घडून आल्या, तर आपण सुखी होऊ का? आतून उत्तर आले, नाही. त्या उत्तराने तो कित्येक महिने खचला. सावरल्यावर त्याच्या हाती एक शहाणपण आले, ते त्याने आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे: सुखाकडे थेट चालत गेले की ते हाती लागत नाही, नजर दुसऱ्या कुठल्या तरी उद्दिष्टावर असली की वाटेत ते आपोआप भेटते. जे हेतू धरून मिळत नाही ते पाया कसे होणार? पाया पायाखाली हवा, आणि सुख तर वाटेवर अवचित भेटणाऱ्या सोयऱ्यासारखे आहे.

इथपर्यंत आल्यावर मात्र आपण थांबले पाहिजे, कारण या विचाराचा एक गैरवापर आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या झाला आहे. सुख म्हणजे स्वार्थ, त्याग म्हणजे नीती, असे सोपे सूत्र करून आपण ते बहुधा दुसऱ्याला सांगितले. सुनेला सांगितले, विधवेला सांगितले, कामगाराला सांगितले, गावकुसाबाहेरच्या माणसाला सांगितले. तुझ्या सुखाचे काय एवढे, असे ज्याने म्हटले त्याच्या ताटात पुरण होते आणि जिला म्हटले ती उरलेसुरले खात होती. त्या बाईने माझेही सुख आहे असे म्हणणे आणि भरल्या ताटाच्या माणसाने माझे सुख आधी असे म्हणणे, ही दोन वाक्ये सारखी दिसली तरी सारखी नाहीत. पहिले वाक्य न्यायाची मागणी आहे. महाडची माणसे माझे पाणी असे म्हणत होती तेव्हा ती स्वतःपुरते काही मागत नव्हती. सुखाला नीतीत जागा आहे, आणि ती मोठी आहे. पण दुसऱ्याचे सुख ही माझी जबाबदारी आणि माझा त्याग हा माझा अधिकार, असा तो क्रम आहे. हा क्रम उलटा झाला की दुसऱ्याचा त्याग ही माझी सोय होऊन बसते.

ज्या भूतानने जगाला आनंद दिन दिला, त्या देशाच्या राजाने १९७० च्या दशकात राष्ट्राच्या उत्पन्नापेक्षा राष्ट्राचे सुख मोजावे असा उदात्त विचार मांडला होता. पण १९९० च्या सुमाराला त्याच देशातून नेपाळी बोलणारी सुमारे एक लाख माणसे परागंदा होऊन नेपाळातल्या छावण्यांत येऊन पडली. सुख मोजायला बसले की आधी माणसे मोजावी लागतात, आणि कुणाला मोजायचे हे सुख सांगत नाही. ते आपल्यालाच, सुखाच्या आधी, ठरवावे लागते.

यंदा रमजानचा महिनाही याच दिवसांत संपतो आहे. ईदच्या नमाजाआधी फितरा देऊन टाकायचा, असा आपल्या मुसलमान शेजाऱ्यांचा नेम आहे. आपल्या घरी शीरखुर्मा होण्याआधी गरिबाच्या घरी चूल पेटेल एवढे पोचले पाहिजे. देऊन झाल्यावर सण. आपल्या कडुनिंबाच्या गोळीशी या नेमाचे काही नाते असावे, असे वाटते. सण कुणाला नको आहे असे नाही. गोड सर्वांनाच हवे आहे. त्याच्या आधी काय यावे, एवढाच प्रश्न आहे.

आगरकरांच्या डोळ्यांसमोरच्या त्या विधवेचा प्रश्न अजून संपलेला नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला की, नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद. राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर गावांनाही तसे आवाहन केले. आगरकरांनंतर सव्वाशे वर्षांनी एका ग्रामपंचायतीला हे लिहावे लागले, याची खंत वाटते आणि लिहिले गेले याचा आनंदही. पण ठराव चावडीवर होतो, आणि हळदीकुंकू आपल्या ओसरीवर होते.

उद्या तृतीया. घराघरांत चैत्रगौर झोपाळ्यावर बसेल आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकवाची बोलावणी सुरू राहतील. कैऱ्या बाजारात आल्या आहेत; डाळ वाटली जाईल, पन्ह्यात वेलची-केशर पडेल, ओटीसाठी हरभरे भिजत घातले जातील. त्याच वाड्यात, त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर अशी एखादी बाई राहते जिला गेली चार-पाच वर्षे बोलावणे आलेले नाही. पायऱ्यांवर बायकांच्या बोलण्याचा आवाज आला की ती दार लोटून घेते. तिला बोलावल्याने आपल्या घरातल्या मोठ्यांना कदाचित बरे वाटणार नाही; आपल्यालाही दोन क्षण अवघडल्यासारखे होईल. उद्या बोलावणी करायला निघताना आपण ते दार चुकवू नये. आत आल्यावर तिलाही त्याच पाटावर बसवावे, त्याच करंड्यातले कुंकू लावावे आणि त्याच हरभऱ्यांनी तिची ओटी भरावी.